आढीतला आंबा आणि झाकणावरचं पाणी: उन्हाळ्याची फळं-भाज्या नीट खायच्या तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं पाच माणसांचं घर. सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू, मुलं चार आणि नऊ वर्षांची. एप्रिल-मेमध्ये फळं भरपूर येतात, पण बरीचशी फ्रीजमध्ये मऊ पडून टाकावी लागतात. भाजीला कुणी हात लावत नाही, कारण "उन्हाळ्यात भाज्याच मिळत नाहीत". आंबा सासऱ्यांना द्यावा का, रस काढावा की फळ द्यावं, कापून ठेवलेलं चालतं का, आणि भाजीचं काय करायचं?

सुरुवात भाजीपासून करू, कारण खरी तूट तिथेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रं दिली, त्यांत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या (त्यातली १०० ग्रॅम पालेभाजी) आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. तुमच्या घरात मुलांचं थोडं कमी धरलं तरी रोज पावणेदोन किलोच्या आसपास भाजी लागेल. बहुतेक घरांत पाच माणसांत अर्धा-पाऊण किलो भाजी होते आणि फळांवर ती भरपाई झाली असं समजलं जातं. ती होत नाही. फळात साखर जास्त, भाजीत कमी; दोन्ही चांगली, पण एकमेकींची जागा घेणारी नव्हेत.

उन्हाळ्यात भाज्या मिळत नाहीत हेही अर्धंच खरं. मेथी, पालक, फ्लॉवर, मटार ही थंडीची मंडळी. ती उन्हाळ्यात महाग आणि मरगळलेली असतात, म्हणून पिशवी रिकामी वाटते. या दिवसांतल्या भाज्या वेलीवरच्या: दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, कारलं, तोंडली, काकडी, लाल भोपळा, विदर्भात ढेमसं. शिवाय भेंडी, गवार आणि शेवगा. पालेभाज्यांत तांदुळजा, माठ, चवळई उष्णता सोसतात. दुधी आणि काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे ४०० ग्रॅम भाजी खाणं या दिवसांत थंडीपेक्षा सोपं जातं.

वेलभाज्या घरात कुणी खात नाही, याचं कारण बहुतेक वेळा शिजवण्यात असतं. दुधी-दोडक्याच्या फोडीत पाणी असतंच. वरून अर्धी वाटी पाणी घातलं की भाजी न राहता लगदा होतो, आणि मुलं नाक मुरडतात. पद्धत अशी: कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची. त्यावर अर्धा किलो दोडक्याच्या फोडी आणि दोन तास भिजवून निथळलेली पाव वाटी मुगाची डाळ. परतून वर खोलगट झाकण ठेवायचं आणि त्या झाकणात पाणी ओतायचं. झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन भाजीवरच पडते, भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते आणि तळाला लागत नाही. आच मध्यम, वेळ ८ ते १० मिनिटं. मीठ शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातलं तर सगळं पाणी एकदम सुटतं, आणि शिजून भाजी निम्मी झाल्यावर तीच चव खारट लागते. भाजी उतरवल्यावर ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट. मूग शिजून दाणा दाणा राहिला पाहिजे, फोड चमच्याने दाबली तर मोडावी पण आपणहून फुटू नये.

दोडक्याच्या शिरा फेकू नका. शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट आणि मीठ घालून भरड कुटल्या की चटणी होते. दुधीच्या सालीचीही तशीच होते.

दुधीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. कापल्यावर दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा, चूळ भरायची आणि तो दुधी सरळ फेकायचा. काकडी, दुधी, दोडका या कुळातल्या फळांत कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. पाण्याचा ताण पडलेल्या, कडक उन्हात वाढलेल्या किंवा रानटी जातीशी संकर झालेल्या वेलावर ती फार वाढतात. शिजवून ती जात नाहीत, साखर किंवा लिंबू घालून फक्त कडूपणा झाकला जातो. कडू दुधीचा रस प्यायल्यावर तासाभरात जोरदार उलट्या, पोटदुखी, जुलाब, रक्ताच्या उलट्या आणि रक्तदाब घसरण्यापर्यंत वेळ येते. आपल्या देशात यातून मृत्यूही झालेले आहेत. मधुमेहासाठी म्हणून सकाळी अनशापोटी दुधीचा कच्चा रस घेण्याची चाल आहे. सासऱ्यांना तो देऊ नका. त्याच दुधीची भाजी द्या. चुकून कडू रस पोटात गेलाच आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

काकडीतही हाच कडूपणा देठाकडे साठलेला असतो. देठाचं टोक कापून घासून फेस काढायची घरोघरची रीत आहे. त्याने जरासा फरक पडतो, पण खरा उपयोग देठाकडचा दोन बोटं भाग कापून टाकण्याचा आणि चाखून बघण्याचा.

काकडीची कोशिंबीर रोज ताटात येऊ शकते, पण ती बिघडते पाण्यामुळे. किसलेल्या काकडीचं पाच मिनिटांत पाणी होतं. म्हणून खमंग काकडीसाठी काकडी चोचवायची: हातात उभी धरून सुरीने चहूबाजूंनी बारीक खाचा द्यायच्या आणि मग वरून पातळ काप काढायचे. दोन काकड्यांना पाव वाटी दाण्याचं कूट, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस, वर तुपात जिऱ्याची फोडणी. मीठ पानं घेतल्यावरच. घरात आधीच कालवून ठेवलेली असेल आणि पाणी सुटलं असेल, तर ते ओतू नका, त्यात थालीपीठ किंवा कणीक भिजवा. दह्यातली कोशिंबीर दुपारच्या डब्यात देऊ नये. पस्तीस-अडतीस अंशांत दोन-तीन तासांत दही आंबतं आणि पोट बिघडतं. डब्यात अख्खी छोटी काकडी द्या, मूल चावून खातं.

तांदुळजा आणि माठ निवडताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवून हलवा आणि वर उचलून काढा. पातेलं तिरकं करून पाणी ओतलं तर तळाची माती परत पाल्यावर येते. तीन पाण्यांतून काढलं की तळ स्वच्छ दिसतो. चिरायचं धुतल्यानंतर. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही; सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त शोषलं जातं. या दिवसांत त्यासाठी लिंबूही शोधायला नको, कैरी आहे. तांदुळजाच्या भाजीत शेवटी कैरीचा कीस दोन चमचे घातला तर चवही उजळते.

आणि कैरीची डाळ. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर ती होतेच, पण तिला फक्त त्या दिवसाची करून ठेवू नये; डाळ आणि कैरी मिळून उन्हाळ्यातलं ते उत्तम जेवण आहे. एक वाटी हरभऱ्याची डाळ ४ तास भिजवायची. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर भिजवली तर पाण्याला फेस येतो, डाळ आंबते आणि कडवट लागते. रात्रीच भिजवायची असेल तर पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. मग डाळ चाळणीत पूर्ण निथळून, पाणी न घालता, भरड वाटायची. गंधासारखी झाली तर चिकट गोळा होतो. त्यात पाऊण वाटी कैरीचा कीस (कैरी किती आंबट आहे ते आधी चाखून), दोन मिरच्या, मीठ, चिमूट साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी. कच्च्या डाळीने ज्यांना पोट फुगतं त्यांच्यासाठी वाटलेली डाळ आधी ७-८ मिनिटं वाफवून, गार करून मोकळी करायची. सासू-सासऱ्यांना आणि लहान मुलाला अशीच द्या.

कांद्याबद्दल एवढंच: अलिबागचा पांढरा कांदा याच दिवसांत माळांमध्ये विकायला येतो. गोडसर आहे, कच्चा खायला सौम्य. माळ हवेशीर जागी टांगायची, पिशवीत कोंबायची नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही यात तथ्य नाही. जेवणात खाल्लेला कांदा चांगला.

आता आंबा. आंबे वाया जातात ते बहुतेक घरात पिकवताना आणि चुकीच्या वेळी फ्रीजमध्ये ठेवल्यामुळे.

तयार आंबा घेण्यापेक्षा पेटीत कडक, पण पूर्ण भरलेला हापूस घेणं शहाणपणाचं. भरलेला म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठाच्या वर आलेले, देठ किंचित खोलगट जागेत. पाण्यात टाकला तर जून आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळा तोडलेला आंबा पिवळा होईल, पण गोड होणार नाही, सुरकुतेल. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. बाजारात देवगडच्या नावाखाली इतर राज्यांतला आंबाही मिसळला जातो. कोकणचा पिकलेला हापूस पातळ सालीचा, आतून केशरी आणि खोलीभर वास येणारा. साल जाड, गर फिकट पिवळा आणि नाकाशी धरल्याशिवाय वास नाही, तर नावाचे पैसे देऊ नका.

आढी घालायची ती अशी. घरातली सगळ्यात थंड, हवेशीर, कोरडी जागा निवडा: पोटमाळा नव्हे, गच्चीखालची खोली नव्हे. खाली दोन बोटं कोरडा भाताचा पेंढा, नसेल तर वर्तमानपत्र. त्यावर आंब्यांचा एकच थर, एकमेकांना न चिकटवता. परत पेंढा, परत थर. तीन थरांच्या वर जाऊ नका, खालचे दबतात. वर गोणपाट. चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघायचं आणि जो पिकला तो बाहेर काढायचा. पिकलेला आंबा इथिलीन वायू सोडतो आणि शेजाऱ्यांना पिकवतो. एखादा सडका राहिला तर चारजणांना घेऊन जातो. हिरव्या कडक हापूसला आठ-दहा दिवस लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर घाम धरून सालीवर काळे डाग पडतात. पारा चढलेल्या खोलीत ठेवले तर साल हिरवीच राहते आणि आत गर मऊ पडतो, पिकणं सारखं होत नाही.

आणि कडक आंबा फ्रीजमध्ये कधीच नाही. साधारण १२-१३ अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते: पिकण्याची क्रिया मोडते, साल करपल्यासारखी होते, बाहेर काढल्यावर तो पिकत नाही, फक्त सडतो. आधी बाहेर पिकवा, पिकल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस छान राहतो. तुमच्या घरचे बरेचसे आंबे बहुधा इथेच जात असतील.

कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो, त्याला साका म्हणतात. हा किडीचा किंवा औषधाचा परिणाम नाही, हापूस जातीतलाच दोष आहे आणि बाहेरून कळत नाही. तेवढा भाग काढून उरलेला खाता येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली रत्ना ही जात साक्यापासून मुक्त आहे. मिळाली तर जरूर घ्या.

कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. त्याचा ॲसिटिलीन वायू बनतो आणि औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. पिकवण्याच्या खोल्यांमध्ये इथिलीन वायू वापरायला मात्र परवानगी आहे, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. तो फळ स्वतः सोडतं तोच वायू, त्याला घाबरायचं कारण नाही. पेटी उघडल्यावर लसणासारखा उग्र वास, पुड्या, सगळे आंबे एकाच भडक पिवळ्या रंगाचे आणि कापल्यावर आत कडक-आंबट, तर ती पेटी परत करा.

आंबे खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवायची पद्धत आहे, ती चालू ठेवा. देठाशी असलेला चीक धुतला जातो. हा चीक त्वचेला झोंबणारा असतो. ओठांच्या कडेला आणि गालावर येणारी पुरळ बहुतेक त्यानेच येते, आणि आपण म्हणतो आंबा उष्ण पडला. चोखून खायचा असेल, विशेषतः रायवळ, तर देठ काढून पहिला चीक पिळून टाकायचा आणि मगच मुलांच्या हातात द्यायचा. आंब्याने काहींना जुलाब होतात ते उष्णतेमुळे नाही. आंब्यातलं फ्रुक्टोज एका बैठकीत सगळं शोषलं जात नाही म्हणून. तीन आंब्यांनी होतं, एकाने होत नाही.

सासऱ्यांना आंबा चालतो का? साखर आटोक्यात असेल तर चालतो, पण मोजून आणि बदल्यात. हिशेब असा: आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. अडीचशे ग्रॅमच्या हापूसमध्ये १६०-१७० ग्रॅम गर निघतो, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. अर्ध्या आंब्यात बारा-तेरा ग्रॅम. एका मध्यम फुलक्यात १५ ते २० ग्रॅम असतात. तेव्हा दुपारच्या जेवणात अर्धा आंबा, फोडी करून, आणि एक फुलका कमी. सोबत भाजी-कोशिंबीर आणि डाळ किंवा उसळ असलीच पाहिजे, म्हणजे साखर सावकाश चढते. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, दोन-तीन वेळा बघितलं की त्यांच्या शरीराचं उत्तर कळेल. आमरस-पुरीच्या बेताला त्यांना आमरस पाव वाटी, साखर-दूध न घालता, आणि पुरीऐवजी फुलका. इन्सुलिनवर असतील किंवा साखर सतत वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

रसावर तुपाची धार घालायला बाकीच्यांनी संकोच करू नये. आंब्यातलं बीटा-कॅरोटिन चरबीत विरघळतं, चमचाभर तुपाबरोबर ते चांगलं शोषलं जातं. साखर मात्र घालू नका. रस आंबट निघाला तर त्यात एखादा पायरी मिसळा.

कलिंगड हे खरं पाण्याचं फळ, ९० टक्क्यांहून जास्त पाणी. ते तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे कच्चं घेतलं तर कच्चंच राहणार. निवडताना जमिनीला टेकलेला डाग बघा: तो लोण्यासारखा पिवळा असावा, पांढरा असेल तर कोवळं. सारख्या आकाराच्या दोघांत जड ते घ्या. थाप मारल्यावर बद्द आवाज आला तर जास्त पिकलेलं किंवा पोकळ, टणक टणटण म्हणजे कच्चं, मधला घुमणारा आवाज बरोबर. खरबुजाचं उलटं: ते तोडल्यावरही मऊ पडतं आणि वास धरतं. जाळी उठलेली, देठ सहज सुटलेला आणि देठाच्या विरुद्ध टोकाला गोड वास, असं घ्या.

दोन्ही फळं कापण्याआधी धुवायची. साल खायची नाही म्हणून आपण धुत नाही, पण सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात, आणि कलिंगडाचा गर आंबट नसल्यामुळे तिथे जोमाने वाढतात. वाहत्या पाण्याखाली चोळा. खरबुजाच्या जाळीला मऊ ब्रश लावा. कापल्यापासून घड्याळ चालू झालं असं समजा: उन्हाळ्यात बाहेर एक तास, त्याच्या वर नाही. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात दोन दिवस, फार तर तीन. कापलं की सगळी जीवनसत्त्वं उडून जातात ही भीती अतिशयोक्तीची आहे. झाकून थंड ठेवलेल्या फोडींत ती बऱ्यापैकी टिकतात. काळजी जंतूंची. म्हणून रस्त्यावरची उघडी कापलेली फळं आणि बर्फ घातलेला रस टाळा, मुलांना तर नकोच. अख्खं कलिंगड बाहेरच ठेवा, सावलीत, आठवडाभर सहज राहतं.

कलिंगडाची साखर रक्तात लवकर चढते हे खरं, पण १०० ग्रॅममध्ये साखर असते सात-आठ ग्रॅमच. सासऱ्यांना एक वाटी फोडी, दीडशे ग्रॅमच्या आसपास, चालतात. त्याच कलिंगडाचा पाव लिटर रस काढला तर साडेतीनशे ग्रॅमहून जास्त गर लागतो, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात, चावण्याचं काम नाही आणि गाळला तर चोथाही नाही. रस काढावा का, याचं उत्तर यात आहे: घरात फळ खाता येतं अशा कुणालाही रसाची गरज नाही.

पन्हं आणि कोकम सरबताचं वेगळं. ती फळाची बदली नव्हेत, पेयं आहेत, आणि त्यांत किती गूळ-साखर जाते ते आपल्या हातात असतं. अर्धा किलो कैऱ्या सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या, गार झाल्यावर गर काढायचा. एक वाटी गराला सव्वा वाटी गूळ घालायची सर्रास पद्धत; त्याने एका पेल्यात वीस ग्रॅमच्या पुढे गूळ जातो. पाऊण वाटीने सुरुवात करा, अर्धा चमचा मीठ आणि वेलची घाला, चव पुरते. गर गरम असताना गूळ विरघळवा, पण गुळासकट उकळत ठेवू नका, काळपट होतं. स्टील किंवा काचेचं भांडं. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो. हे गुळाचं मिश्रण फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस राहतं, पेल्याला दोन चमचे. सासऱ्यांसाठी गर काढतानाच चार चमचे वेगळा ठेवा आणि भाजलेलं जिरं, मीठ, पुदिना घालून तिखट-खारं पन्हं करा.

सोलकढीसाठी ८-१० आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास, चोळून गाळायची, एका नारळाच्या दुधात मिसळायची. लसणाची एक पाकळी आणि मिरची ठेचून. गॅसवर ठेवली की फुटते. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर त्यात मीठ भरपूर असतं, सासूबाईंच्या वाट्याला आमसुलाची द्या. त्यांच्याबद्दल आणखी एक: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर फळांनी बिघडत नाही, पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शहाळं, केळी, फणस किती घ्यावा ते डॉक्टरांना विचारून ठरवा. एका शहाळ्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकतं. घाम गाळून आलेल्याला शहाळ्यापेक्षा मीठ घातलेलं ताक बरं, कारण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. आणि ऊन लागून अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, शुद्ध हरपू लागलेली असेल तर पन्ह्याची वेळ गेली. अंगावर पाणी शिंपडून वारा घालत रुग्णालयात न्या, बेशुद्धीत तोंडात काही ओतू नका.

चार वर्षांच्या मुलाला द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खी घशात अडकतात. ताडगोळ्याचंही तेच, निसरडा असतो, तुकडे करा. ताडगोळा घेताना बोटाने दाबून मऊ, आतलं पाणी दिसेल असा घ्या. पांढरा घट्ट झालेला जून असतो, पोटात जड पडतो. फिकी पिवळी साल सोलून त्याच दिवशी संपवायचा, दुसऱ्या दिवशी आंबतो. जांभळं, करवंदं, जाम ही फळं मे-जूनमध्ये थोडेच दिवस असतात. मुलांना त्यांची चव लागली पाहिजे, पॅकेटमधल्या खाऊची मागणी आपोआप कमी होते. करवंदं मिठाच्या पाण्यातून काढा, चीक जातो.

साल खायच्या फळा-भाज्यांसाठी धुण्याची पद्धत: एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे खाण्याचा सोडा, त्यात १२ ते १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून. सालीवरची फवारणी बरीचशी निघते, आत मुरलेली निघत नाही. साबण लावू नका. धुतलेलं फळ पुसून कोरडं करूनच फ्रीजमध्ये. ओलं ठेवलं की बुरशी. पिकते आंबे, केळी, चिकू यांच्याजवळ काकडी आणि पालेभाजी ठेवू नका, इथिलीनने दोन दिवसांत पिवळी पडतात. फ्रीजच्या एका कप्प्यात सगळं कोंबण्याची सवय मोडली तरी टाकणं कमी होईल.

फणस घरी आला तर हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावून घ्या. सासऱ्यांना गरे दोन-तीनच. आठळ्या मात्र फेकू नका: धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, कोरड्या राखेत किंवा मातीत पुरून ठेवल्या की पाऊस लागल्यावर महिनाभर पुरतात. भाजताना प्रत्येक आठळीला सुरीने एक चीर द्या, नाहीतर निखाऱ्यावर फुटून उडते.